भाऊ उभे राहिले तेव्हा

नंदुरबारला मिरच्या वाळत घालायच्या पथारीजवळून रिक्षा गेली, वाळत्या मिरचीचा ठसका लागला, की मला आमच्या संघटनेचे भाऊ आठवतात. निवडणूक हा मालकांचा खेळ, आपण त्यात उतरायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. पथारीवर मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या आम्ही बाया त्यांच्या शब्दावर कधी मत द्यायला गेलो नाही. मालकाच्या माणसाला मत दिलं नाही म्हणून माझी मैत्रीण सुमन कामावरून गेली, तरी आम्ही मागे हटलो नाही.

एके दुपारी भाऊ पथारीवर आले, ते मालकाच्याच जीपमधून. गळ्यात हार होता. म्हणाले, "औंदा मी उभा शे. आत जाईसन लढसू."

मी विचारलं, "भाऊ, आत जावानं व्हतं, ते आमले बाहेर काबरं ठेवं?"

ते हसले आणि हात जोडत पुढच्या बाईकडे वळले. माझे डोळे पाण्याने भरले. बायांना वाटलं, मिरची झोंबली.

आत जाऊन लढणं चूक नसेलही, असं आज वाटतं. आमच्यात बसून ठरवलं असतं, तर मी त्यांच्यासाठी दारोदार फिरले असते. पण त्यांनी आधी विचारलं ते मालकाला.