तीन नारळ आणि आखडलेले पाय

यंदाची नारळी पौर्णिमा, सकाळी नऊ. बोरिवलीतलं आमचं स्वयंपाकघर. हजर: आई, खुर्चीवर; धाकटी बहीण, मुलुंडहून आलेली; आणि मी, जमिनीवर, विळीपाशी. गणपतीला एकोणीस दिवस होते.

आमच्याकडे मोदकांचा नारळ विळीवर, खाली बसूनच खवायचा. जी मोदक करणार, तिनेच. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्यांमुळे ते काम माझ्याकडे आलं आणि दुसऱ्याच नारळाला माझी कंबर धरली. मोदक विकत आणले. आई त्यातला एक बराच वेळ हातात धरून बसली.

कमरेसाठी मी सगळं केलं होतं: पट्टा, मलम, शेकाची पिशवी, नवी गादी. यादीत एकेकावर खूण होत गेली, दुखणं राहिलं. मग व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला उताणं झोपवून पाय सरळ उचलायला सांगितला. तो अर्ध्यातच अडला.

"कंबर नंतर बघू," त्या म्हणाल्या. "मांड्यांच्या मागचे स्नायू पार आखडलेत. ते खुब्यातून वाकूच देत नाहीत, म्हणून तुम्ही सगळं कमरेतून वाकता."

घरी येताना मला दहिसरची चाळीतली खोली आठवत राहिली. आई एक पाय विळीच्या पाटावर दुमडून, दुसरा लांब सोडून बसायची. पाठ ताठ. नारळ खवता खवता माझे पाढे ऐकायची आणि चुकलं की न उठता, नुसती पुढे वाकून, माझ्या पायावर चापट मारायची. आम्हीही जेवायला, अभ्यासाला, पत्ते खेळायला खालीच. पुढे ही जागा घेतली तेव्हा सामानाची यादी मीच केली: टेबल, खुर्च्या, उंच ओटा. 'विळी माळ्यावर' हेही माझ्याच अक्षरात. आईला आराम म्हणून केलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दोन महिने रोज सकाळी तळव्याला पंचा अडकवून पाय वर ताणला. आधी मांड्या थरथरायच्या, मग हळूहळू सैलावल्या. आणि आज विळी खाली आली.

"ताई, काटकोनात बसलीयस! शाळेच्या कंपासातला गुण्या वाटतेस," बहीण म्हणाली.

"तू बस ना मग इथे."

"मी? माझी तर कधीच वाट लागलीय."

"पाय लांब सोड गो," आई म्हणाली. "आणि खांदे कशाला उचलतंस? नारळ फिरव, तू नको फिरू."

पहिला झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला कंबर जराशी कुरकुरली. मी थांबले, पाय ताणला, पुन्हा बसले. नारळीभातापुरता खव झाला.

आईने चिमूटभर तोंडात टाकला. "बारीक आलाय," ती म्हणाली. "पण एकशे एक मोदकांक दहा नारळ लागतत."

मी यादीत लिहिलं: कंबर तीन नारळ टिकली. सात बाकी.