खमंग वास सुटेपर्यंत

शेजारच्या फ्लॅटमधून दाणे भाजल्याचा वास आला की मी खिडकी लावून घेते. बाबा डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झाले, त्याच महिन्यातली गोष्ट. मला नूडल्सवर घालायला शेंगदाण्याचा सॉस हवा होता. बाबा हौसेने म्हणाले, "मी करतो." त्यांनी लसूण सोलला, चिंच भिजवली, गूळ किसला आणि दाणे कढईत भाजायला घेतले. "खमंग वास सुटला की गॅस बंद करा," एवढं सांगून आई माझ्यासोबत गॅलरीत कपडे वाळत घालायला आली. थोड्याच वेळात जळका वास आला म्हणून आम्ही आत धावलो, तर स्वयंपाकघरभर धूर आणि बाबा अजून उलथनं फिरवतायत. "अहो, कोळसा झाला सगळ्याचा!" आई ओरडली. "काळे पडलेले दिसले गं," बाबा गोंधळून म्हणाले, "पण वास कुठे सुटलाय अजून?" आईने गॅस बंद केला आणि हळूच विचारलं, "कधीपासून येत नाही वास?" "झाली बरीच वर्षं. प्लांटवर सगळ्यांचंच होतं तसं." पानात पडेल ते निमूट जेवणारा नवरा म्हणून आई चारचौघांत त्यांचं कौतुक करायची, ते त्या दिवसापासून बंद झालं. त्याच दाण्यांचा सॉस तिने वाटला. कितीही गूळ घातला तरी तो कडूच लागला आणि आम्ही तिघांनी तो संपवला. निरोप समारंभात कंपनीने बाबांना काय दिलं होतं माहितीये? अत्तराची बाटली. अजून कपाटात आहे, गळ्यापर्यंत भरलेली.