पाण्याच्या पाळीची शीट

आमच्या गावच्या कालव्याच्या पाण्याची पाळी एका ऑनलाइन शीटवर लावलेली होती. शीट सगळ्यांना उघडत होती आणि सगळ्यांना तिच्यात लिहिता येत होतं. हे डोकं कुणाचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर घरी जाऊन दोन शब्द ऐकवून आले असते.

माझे काका पाणी समितीचे अध्यक्ष. मी कारंज्याला एका ऑफिसात दिवसभर असल्याच शीटा चाळत बसते, एवढ्या एका कारणावरून त्यांनी मला फोन केला.

"सगळीकडं लाल तिकोनं येऊन राह्यले. तुह्यं रोजचंच काम हाये, पाहून दे."

डबा खायच्या वेळात मी शीट उघडली आणि डबा तसाच राहिला. प्रत्येकाच्या नावापुढे दोन तुकड्यांची शेती, मग एकूण एकर, मग एकरी चार तासांनी पाण्याची वेळ. एकाची पाळी संपते तिथे पुढच्याची सुरू, म्हणजे शीटवर एकाच्या घरात व्हॅल्यू एरर आली की खालच्या सगळ्यांच्या वेळा गेल्या. आणि एरर का येणार नाही? एकाने एकराच्या रकान्यात लिहिलं होतं, "दोन, पण धुऱ्याकडून चढ हाये". एकाने पाळी सुरू व्हायच्या वेळेत "चहा झाल्यावर" असं टाकलं होतं. एका पठ्ठ्याचं भावाशी भांडण झालं, तर त्याने भावाची अख्खी ओळच उडवली आणि खालपर्यंत रेफ एरर करून ठेवली. भांडणं बांधाधुऱ्यावर करा ना बाबांनो, शीटमध्ये कशाला आणता?

मी एकेक घर साफ केलं. उडवलेली ओळ परत आणली. लोकांच्या टिपा बाजूच्या रकान्यात नेऊन ठेवल्या. फॉर्म्युले पुन्हा ओढले आणि त्यांना कुलूप लावलं. शेवटी शीट अशी स्वच्छ झाली, की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. काकांनी लगेच गावच्या ग्रुपवर माझ्या नावासकट टाकलं, की शीट दुरुस्त झाली, आता शीट सांगेल तेवढंच पाणी.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. सगळ्यांच्या पाळ्या लागून तळाशी बरेच तास शिल्लक दिसत होते. काका खूश. शीटमुळे यंदा पाणी वाचलं, असं त्यांनी चार जणांना सांगितलं. समितीने ते उरलेले तास वरच्या अंगाच्या संत्र्याच्या बागांना द्यायचं ठरवलं. त्यात पहिली बाग काकांचीच होती.

पाणी सुटलं. पाळ्या सुरळीत चालल्या होत्या आणि मी सुटले असं समजून चालले होते. तेवढ्यात मावशीचा फोन आला. ही आमच्या शेजारची, आईची मैत्रीण. नवरा गेल्यावर दिरांमध्ये वाटण्या झाल्या, तेव्हा कालव्याच्या अगदी शेपटाकडचे दोन तुकडे तिच्या वाट्याला आले. ते ती एकटी करते. यंदा गहू होता आणि तो ओंबीवर आला होता.

"बाई, माह्यं अर्धंच वावर भिजलं," ती म्हणाली. "वेळ झाली म्हणून पाण्याचं दार लावलं."

मी तिला पहिलं काय विचारलं असेल, तर उंदरांची बिळं बुजवली होती का. पाणी कुठे फुटलं तर नाही? पाण्याचा दांड नीट काढला होता का? बिचारीने सगळ्याला हो म्हटलं. मला ते खरं वाटेना, कारण शीटमध्ये एकही एरर नव्हती.

तरी मी पुन्हा बसले. तिच्या ओळीतला फॉर्म्युला तोडून तुकडा तुकडा तपासला. पहिल्या तुकड्यात १.३, दुसऱ्यात ०.३, बेरीज १.६. त्याला चारने गुणलं की तिची वेळ. सगळं बरोबर. खालची ओळ पाहिली, वरची पाहिली. रिकाम्या घरात तेच हाताने लिहून पाहिलं, तरी तेच उत्तर. माझं डोकं फिरलं. एरर आली की निदान कुठे हात घालायचा ते तरी समजतं. इथे शीट शहाण्यासारखी तोंड मिटून बसली होती. साहेब दोनदा येऊन डोकावून गेले, तेव्हा मी ऑफिसचं काम करत असल्यासारखं केलं.

वैतागून मी तुकड्यांच्या एकरांचे रकाने वरून खाली नुसते वाचत गेले. २.३५. ३.१५. १.०५. २.३८. असं चार-पाचदा झाल्यावर दिसलं, की पॉइंटच्या पुढे चाळीस किंवा त्याच्या वरचा एकही आकडा नाही. इतक्या लोकांत कुणाकडे पावणेदोन एकर नाही? कुणाकडे २.६० नाही? मी जुन्या बदलांची नोंद उघडली. मावशीच्या ओळीत काकांनी १.३० टाकलेलं होतं. शेवटचं शून्य शीटने गिळून टाकलं होतं.

मग कपाळावर हात मारला. पॉइंटच्या पुढचे ते गुंठे होते. एक एकर तीस गुंठे, आमच्याकडे एक पॉइंट तीस असंच लिहितात. माझे वडील तसं लिहायचे, काका तसं लिहितात, मीही लहानपणी तसंच लिहिलं असेल. चाळीस गुंठ्यांचा एकर हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शीटला ते कुणी सांगितलंच नव्हतं. मावशीचे दोन्ही तुकडे मिळून शंभर गुंठे, म्हणजे अडीच एकर. शीटने त्याचे दीडच्या जरा वर केले होते.

ज्यांच्याकडे पूर्ण एकर होते, त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. वाटण्या होऊन होऊन ज्यांच्या नावावर एकराखाली गुंठे लागले होते, तेवढ्यांचंच पाणी कमी झालं होतं. आणि ते सगळं खाली जाऊन उरलेले तास म्हणून दिसत होतं.

मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "मंग आमी जन्मभर असंच लिवत आलो. शीटले समजत नाई का एवढं?"

"नाई समजत, काका. ते उरलेलं पाणी या लोकायचं हाये. बागेले देऊ नका."

"ठराव झाला बाई. सगळ्यायनं पाह्यलं शीटवर. पुढच्या पाळीत पाहू."

पुढची पाळी येईपर्यंत मावशीच्या गव्हाचा दाणा भरायचा थांबणार नव्हता. मी रविवारची एसटी धरली. बसमध्ये माझा राग इतका वाढला होता, की कंडक्टरने तिकिटाचं विचारलं तरी मी त्याच्यावर खेकसले.

मावशी वावरातच होती. निम्मा गहू हिरवागार, निम्म्याची पानं वळलेली, आणि मधून आखल्यासारखी रेघ. मला पाहून तिला बरं वाटलं. मला मात्र तिचाही राग आला.

"मावशी, तू दार लावलंच काहून? कोण पाह्यत होतं तुले?"

"कोणी नाई," ती म्हणाली. "पण तू दुरुस्त केली म्हणून ग्रुपवर आलं होतं ना. मी म्हटलं, पोरीनं पाह्यलं तं बरोबरच असन. माह्याच वावराले पाणी जास्त लागून राह्यलं असन."

मी तिथेच धुऱ्यावर बसले आणि मोबाइलवर शीट उघडली. एकराचा एक रकाना, गुंठ्यांचा वेगळा. गुंठ्यांना चाळीसने भागून एकरात मिळवलं. उन्हात स्क्रीन दिसत नव्हता, मावशीने पदराची सावली धरली. फॉर्म्युला खालपर्यंत ओढला, तसे तळाचे उरलेले तास कमी कमी होत शून्यावर आले. काही वाचलंच नव्हतं.

मग फोन सुरू झाले. आमच्या वेळा काहून बदलल्या, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने मी मावशीची बाजू घेतली असं सरळ सांगितलं, आणि त्याचे स्वतःचे तासही वाढले होते, ते त्याने पाहिलेच नव्हते. पाहिल्यावर तोच काकांच्या घरी गेला. मग बाकीचे गेले.

दुपार कलल्यावर काका गाडीवर आले. अर्ध्या वाळलेल्या गव्हाकडे पाहत उभे राहिले.

"लोकायसमोर मले पाडलं तू," शेवटी म्हणाले.

"काका, पाणी तिचं होतं."

त्यांनी कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला फोन लावला आणि बागेचं दार बंद करून पाणी खाली सोडायला सांगितलं. गुंठेवाल्यांचे राहिलेले तास एकेक करून लागले. मावशी शेपटाला, म्हणून तिचा नंबर शेवटी. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा घरचं काम आहे असं मी सांगितलं.

पाणी आलं ते गढूळ, बारीक धारेने. मावशीने पहिल्यांदा दार उघडलं, तेव्हा यापेक्षा नक्कीच जास्त असणार. ती फावडं घेऊन एकेका सरीकडे पाणी वळवत होती. वळलेल्या गव्हापर्यंत ते पोचायला फार वेळ लागला. काही भाग आता उठणार नाही हे तिलाही दिसत होतं, मलाही. मध्येच ती थांबली आणि ओल्या हाताने माझ्या मोबाइलकडे बोट केलं.

"शीटमंदी पाहून सांग बाई, किती वाजता लावू दार?"

मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

"नको लावू," मी म्हटलं. "भिजू दे."