ताईच्या सासूबाई अर्धा मिनिट मागे होत्या

"पोराच्या घरचं कोणीच नाही आलं व. एकटाच उभा हाये बिचारा."

आत्या हे तोंडावर पदर धरून शेजारच्या बाईला म्हणाली. मी तिच्या पुढ्यातच, पहिल्या रांगेसमोर, स्टुलावर ठेवलेल्या लॅपटॉपमागे बसले होते. मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. ते मला चांगलं जमतं. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, घरी इंग्रजी शब्द निघाला की चुलतभाऊ हसायचे; दोन्हीकडे गप्प बसणंच सोयीचं होतं.

वणीतल्या त्या कार्यालयात माझ्या ताईचं लग्न होतं. ताई हैदराबादला नोकरी करते. नवरदेव तिच्याच ऑफिसातला, मूळचा व्हिएतनामचा. त्याचे वडील नाहीत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्या येऊ शकल्या नव्हत्या. त्या घरी बसून मोबाइलवर लग्न लाइव्ह बघणार होत्या. त्यांना त्यांची भाषा सोडून दुसरी येत नाही. म्हणून घरात ठरलं की इथे जे बोललं जाईल ते चित्राखाली त्यांच्या भाषेत उमटायला हवं. आणि काम माझ्यावर आलं. "इंग्लिश शाळेची हाये, हिले जमते," एवढ्या कारणावर.

जमवलं मी. प्रोग्राम मराठी ऐकायचा आणि भाषांतराच्या ओळी खाली सोडायचा. त्यांच्या भाषेतलं मला एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून माझ्या मोबाइलवर मी त्याच ओळी इंग्रजीत लावून घेतल्या होत्या. तिकडे काय पोहोचतंय याचा अंदाज यावा म्हणून.

फक्त एक गोष्ट मला आधी नीट उमगली नव्हती. इथे जे घडायचं ते मोबाइलवर अर्ध्या मिनिटाने यायचं. समोर ताई खुर्चीवर बसलेली असायची आणि मोबाइलवर ती अजून स्टेजच्या पायऱ्या चढत असायची. खरी कुठली, असा वेडगळ प्रश्न मला पडत होता. वर पाहू की खाली, ते ठरेना.

मग आत्याचं वाक्य आलं.

मला वाटलं होतं, लॅपटॉप फक्त स्पीकरमधलं ऐकेल. तो जवळचं ऐकत होता. मोबाइलवर इंग्रजीत स्वच्छ उमटलं: घरातलं कोणीही आलेलं नाही, तो एकटा उभा आहे. त्यात 'व' नव्हता, पदर नव्हता. आत्या माया करत होती की टोमणा मारत होती, हे मला तिच्यासमोर बसूनही कळलं नव्हतं. त्या ओळीत तर दोन्ही उरलं नव्हतं.

थोड्या वेळाने खाली सासूबाईंची कमेंट आली. भाषांतराचं बटण दाबलं. "माझा मुलगा एकटा आहे का?"

हे त्या रडत विचारत होत्या, रागाने की नुसतंच, ते त्या ओळीवरून समजायला मार्ग नव्हता. ताईने सकाळीच सांगितलं होतं की त्या पहाटेपासून लग्नाचे कपडे घालून बसल्या आहेत. 'नाही, आम्ही सगळे आहोत,' असं मी लिहिलं. मग स्टेजकडे पाहिलं. ताईच्या मागे आई-बाबा, मामा, दोन मावश्या. त्याच्या मागे भिंत. ऑफिसातले दोन मित्र आले होते, ते शेवटच्या रांगेत मोबाइल बघत होते. मी लिहिलेलं खोडलं. आजूबाजूचं बोलणं टाळायला लॅपटॉप स्पीकरजवळ नेला तर आवाज फाटायचा, आवाज बंद केला तर त्यांना काहीच कळलं नसतं. मी तिथेच बसून राहिले.

माईक काकांकडे होता. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात तो त्यांच्याकडेच असतो. बुद्धमूर्तीसमोर दोन मेणबत्त्या ठेवल्या होत्या. दोन्हीकडच्या आयांनी त्या लावायच्या, मग वंदना सुरू होते. काकांनी वधूच्या मातोश्रींना बोलावलं. आईने मेणबत्ती लावली, हात जोडले, मागे सरली.

"आता वराच्या मातोश्रींनी मंचावर यावं," काका म्हणाले. सवयीनेच निघालं त्यांच्या तोंडून.

कोणी उठलं नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "विमान पाठवा न, भाऊ!" हशा झाला.

"बरं, बरं," काका म्हणाले, "त्याइची तब्येत ठीक नाही. चला, पुढं."

आत्या उठली. "आण ते काडी इकडं, मी लावते. कोणी तं लावाच लागते." हसण्याचं कारण न कळून नवरदेवाने ताईकडे पाहिलं. ताई खाली बघत होती.

मी मोबाइलकडे पाहिलं. तिथे आई अजून जागेवरून उठलीच नव्हती. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, कोणी हसलं नव्हतं. थोड्याच वेळात काका सासूबाईंना त्यांच्या भाषेत बोलावणार होते, आदराने, मातोश्री म्हणून. त्यापाठोपाठ त्यांना हशा ऐकू येणार होता, आणि मग त्यांच्या मेणबत्तीकडे जाणारा दुसऱ्याच बाईचा हात दिसणार होता. हशा निघून गेला होता, तो मला परत घेता येत नव्हता. हात अजून पोहोचला नव्हता.

त्यांना बोलावणं पोहोचलं तरी त्या काय करणार होत्या? उठून येणार थोड्याच. मग कशासाठी थांबायचं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही नीट सांगता येत नाही. मी उभी राहिले होते एवढं खरं. स्टेजवर गेले आणि आत्याचा मनगटाजवळ हात धरला. पेटलेली काडी तिच्या बोटांत होती.

"तुले काय झालं आता?" आत्या म्हणाली.

काका माईकमधूनच म्हणाले, "काय व पोरी? बंद पडलं का तुह्यं मशीन?"

सगळं कार्यालय माझ्याकडे बघत होतं. आत्याने काडी फुंकली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"थांबा न, काका. त्याइले बोलावणं अजून पोचलंच नाही. त्याइचं ऐकून होऊ द्या, मंग लावा."