शेकर टेबलाभोवतीची माणसं

जिथं कामच वस्तू मोडून बघायचं, तिथं किस्से जमायला वेळ लागत नाही! यवतमाळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात छोट्या उपग्रहाचा सांगाडा तपासायची लॅब आहे. रॉकेटमध्ये बसतात तसे हादरे शेकर टेबलावर द्यायचे आणि काय तुटतं ते पाहायचं. राठोड सर प्रमुख, कोमल मेश्राम विद्यार्थिनी, मी लॅब असिस्टंट. हसण्यासारखं फार नाही, तरी सांगतो.

*

पहिला सांगाडा नेरच्या वर्कशॉपमधून जीपनं आणला. गादीत गुंडाळून, मागच्या सीटवर. टेबलावर चढवायला उघडला, तर कोपऱ्याला तडा!

सरांनी तड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "रॉकेटपर्यंत पोचलाच नाही बिचारा. रस्त्यानंच नेला!"

*

दुसऱ्या सांगाड्याच्या टेस्टला कोमलचे बाबा महागावहून आले. गवंडीकाम करतात. टेबल गरजायला लागलं आणि कडेची पट्टी खाडकन निघून पडली. आम्ही नोंद केली.

बाबा म्हणाले, "पोरी, सहा महिने घरी आली नाहीस. तुही माय इचारन, काय बनोलं? काय सांगू तिले?"

कोमलनं तुटकी पट्टी त्यांच्या पिशवीत टाकली. "हे दाखवा."

*

तिसरा टिकला. पण मोठ्या हादऱ्यांच्या आधी आणि नंतर आम्ही एकेक हलका हादरा देतो. दोन्ही ग्राफच्या रेषा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. त्या दिवशी किंचित सरकल्या, म्हणजे आत काहीतरी ढिलं झालं होतं. रिपोर्टवर उड्डाणातली जागा ठरणार होती, पुन्हा टेस्टला वेळ नव्हता.

कोमल म्हणाली, "सर, एका स्क्रूले गोंद लावाचा राह्यला. माह्याच हातून."

"एवढंसं कोण पाह्यते?" मीच म्हणालो!

"पाहाचंच तं काम हाय न आपलं?"

सरांनी खरा रिपोर्ट पाठवला. जागा दुसऱ्या कॉलेजला गेली. कोमल रोज माझ्यासोबत चहा प्यायची. मान मलाच वर करता येत नव्हती.

*

त्या कॉलेजचा उपग्रह उडाला तेव्हा आम्ही कोमलच्या मोबाइलवर पाहिला. "टाळ्या वाजवा बे!" सर ओरडले. "तेही आपलेच पोरं हायेत!"

उपग्रहाकडून सिग्नल काही आला नाही. आठवडाभरानं सर हळूच म्हणाले, "त्यायच्यात कोणी कोमल नसन."

*

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना सर नागपूरला डॉक्टरकडं जाऊन आले. कोणाला काही सांगितलं नाही. लॅबमध्ये खुर्चीवर बसले, सांगाड्याचे हादरे मोजायचा सेन्सर स्वतःच्या उजव्या हातावर टेपनं चिकटवला आणि हात मांडीवर ठेवला.

"कोमल, पाह्य बरं."

स्क्रीनवरच्या सपाट रेषेत एकच टोक उभं राहिलं.

"पाच हर्ट्झ," कोमल म्हणाली. "सेकंदाले पाच हादरे. पण सर... टेबल तं बंद हाय."

"मालूम हाय मले," सर म्हणाले. "सेव्ह कर. पुढच्या साली पुन्हा घेऊ, मंग दोन्ही रेषा लावून पाहू."