आईच्या काकडीचं बी

शिवून झालेला कपडा मास्तर उजेडात धरत, उलटसुलट करत आणि दोऱ्याचं टोक कुठे लोंबताना दिसलं की कच्चकन उडवत. सुटा दोरा राहिला की शिंप्याची लाज गेली, असं ते म्हणायचे. ओळखीच्या माणसाशी बोलता बोलता त्याच्या बाहीचा दोरासुद्धा कापून टाकत. बायको म्हणे, "यांच्यासमोर शेंडी सोडून बसायची सोय नाही."

त्यांची थोरली बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची. तिच्या अंगणात काकडीचा वेल असे, आईपासून चालत आलेल्या बियांचा. काकडी दिसायला आखूड, पोटाशी फुगलेली, पण कधी कडू निघाली नाही. दर वर्षी ताई एक काकडी वेलावरच पिवळी होऊ द्यायची, तिचं बी धुऊन वाळवायची आणि चिंधीत बांधून भावाच्या दुकानात आणून द्यायची. गच्चीवरचं ऊन नुसतं वाया जातंय, एक डबा तरी मांड, म्हणायची. मास्तर हो म्हणत आणि पुरचुंडी बटणांच्या डब्यात टाकत. हातातलं काम जरा संपू दे, मग बघू. शिंप्याच्या हातातलं काम संपलेलं कुणी पाहिलंय?

मग ताईच्या मुलाने गाडी लावायला अंगणभर फरशी घातली. पुढे त्याची बदली झाली. सहा महिन्यांनी ताईलाही त्याच्याबरोबर दूर जायचं होतं. तिथल्या घरामागे माती होती, पण लावायला बी उरलं नव्हतं. ती दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "धाकट्या, तुझ्या वेलाचं थोडं बी दे. आईचं तेवढंच बरोबर नेईन."

मास्तरांनी बटणांचा डबा उपडा केला. पुरचुंड्या होत्या तशाच होत्या, गाठीसुद्धा ताईनेच मारलेल्या. ताईने एक गाठ सोडली. बी हातावर घेऊन बघितलं आणि एवढंच म्हणाली, की फार जुनं झालंय, उगवेल न उगवेल. तेव्हा मास्तर घाईघाईने बोलून गेले, "मी लावतो सगळं. तू जायच्या आत ताजं बी तुझ्या हातावर ठेवतो."

बोलल्याप्रमाणे कामाला लागलेही. तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडली. स्वयंपाकघरातल्या साली, देठं झाकणाच्या बादलीत कुजवून मातीत मिसळली. भाजी धुतलेलं पाणी सांडू देईनात. "माझ्या हातच्या चहाला कधी एवढं जपलं नाहीत," बायको म्हणाली; पण पाण्याचं भांडं तीच भरून ठेवू लागली.

सगळं बी पेरलं, उगवला एकच वेल. मास्तरांनी काठ्यांचा मांडव केला आणि अस्तराच्या पट्ट्यांनी वेल दोन ठिकाणी बांधला. तो वाढू लागला तसे पेरापेरातून बारीक, कुरळे तंतू निघाले. कुठे काठीकडे वळलेले, कुठे नुसतेच हवेत. मास्तर रोज सकाळी कात्री घेऊन वर जात आणि ते साफ करून टाकत. वेल कसा नेटका दिसे! फुलं आली, एक काकडी धरली. मास्तरांनी ती बियांसाठी राखली. ताईचे गुडघे जिना चढू देत नसत. तिला ते खालूनच रोजची खबर देत.

ताई निघायला थोडेच दिवस उरले असताना सोसाट्याचा वारा सुटला. सकाळी मास्तर वर गेले तर वेल पट्ट्यांतून सुटून डब्याच्या कडेवर कोसळलेला, बुंध्याशी मोडलेला. काकडी अजून हिरवीच होती.

निरोपाला आलेली ताई एकेका पायरीवर थांबत गच्चीवर आली. खाली बसून तिने वेल हातात घेतला. पेरापेराशी कापलेले खुंट तिच्या बोटांना लागले.

"हे कुणी छाटलं रे?"

"मीच. दोरे लोंबत होते."

ताईने एका खुंटावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, "अरे वेड्या, त्यांनीच तर तो काठीला धरून राहतो."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने काकडी तोडली, खाली येऊन चिरली. आत बी नुसतं पाणीदार, दाताखाली न कळणारं. तिघांनी फोडी खाल्ल्या. चव आईच्याच काकडीची आहे, असं ताई म्हणाली आणि गेली.

आता मास्तरांच्या गच्चीवर बाजारातून विकत आणलेल्या बियांचे वेल आहेत. कात्री ते खाली ठेवून वर जातात. तंतू काठीला वेढे घालतात, काकड्या लांब, सरळ, भरपूर लागतात. ताईचा फोन आला की ती विचारते, "वेल काय म्हणतोय?" ते म्हणतात, छान आहे. बी कुठलं, हे ती विचारत नाही. तिने एकदा विचारावं म्हणून ते फोन कानाशी जरा जास्तच वेळ धरून ठेवतात.