चालकाला सगळं दिसतं

पट्टीताईंना राग आला की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. सगळी नोकरी इस्पितळात गेली आणि तिथे ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, हे त्या पहिल्याच वर्षी शिकल्या. ताईंचा आवाज खाली गेला की मोठमोठे सर्जन एकमेकांना डोळ्यांनी खुणावत आणि शेजारच्या वॉर्डात काम निघाल्यासारखे सटकत. निवृत्तीनंतर ताई घरोघरी जाऊन जखमा धुतात, पट्ट्या बदलतात. म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं, आणि आता त्यांचं खरं नाव समोरच्या घरातल्या निवृत्त पोस्टमनकाकांशिवाय कुणाच्या लक्षातही नसेल.

उंचीने ताई बेताच्याच. सलाइनची बाटली अडकवायला त्यांना स्टूल लागायचं. ते स्टूल त्या स्वतः उचलून वॉर्डभर न्यायच्या आणि कुणी गालात हसलं तर त्याच्याच हातात द्यायच्या. उंचीचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते या गाडीपायी.

गाडी मुलाने निवडली होती. मुलगा विमा कंपनीत आहे आणि मिक्सर घ्यायचा असला तरी आधी चार ठिकाणची परीक्षणं वाचतो. ताईंची जुनी छोटी गाडी विकायची ठरली तेव्हा त्याने वर्तमानपत्रातलं वाहनांचं पान आईसमोर धरलं. पाचपैकी पाच तारे. खाली लिहिलं होतं, ‘चालकाला चहूबाजूंचं स्वच्छ दिसतं. काचेच्या खोलीत बसल्यासारखं वाटतं.’

पहिल्याच आठवड्यात ताई म्हणाल्या, "अरे, उजवीकडे वळताना मध्ये काहीतरी येतं."

"सवय होईल, आई."

सवय झाली ती मान काढायची. प्रत्येक वळणावर ताई कासवासारखी मान पुढे काढत, मग मागे घेत, मग वळत. असं दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी, मधुमेहाच्या एका पेशंटचा पाय धुवायला त्या निघाल्या, गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे वळल्या आणि गाडीच्या कोपऱ्याने पोस्टमनकाकांना उडवलं.

उडवलं म्हणजे फार काही नाही. गाडी चालण्याच्या वेगात होती. काका बाजूला पडले, कोपर सोलवटलं, हातातली भाजीची पिशवी गटाराशी गेली. ताईंनी तिथेच रस्त्यावर बसून त्यांचं कोपर धुतलं. काका मात्र पडल्यापडल्या एकच वाक्य बोलले, आणि ते ताईंच्या डोक्यात जाऊन बसलं.

"अहो ताई, मी तर तुमच्या समोरच होतो."

संध्याकाळी मुलाने गाडीची किल्ली खुंटीवरून काढून स्वतःच्या खिशात टाकली. ताईंनी रिकामी खुंटी पाहिली.

"किल्ली कुठाय?"

"आई, थोडे दिवस राहू दे. वय होतं माणसाचं. डोळ्यांचं काय सांगावं."

"डोळे ठीक आहेत माझे."

"मग काका दिसले कसे नाहीत?"

दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पायी गेल्या. डॉक्टरांनी दिवे मारून पाहिलं, अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाले, या वयात असे डोळे असणं भाग्याचं. ताईंनी तो कागद मुलाच्या ताटाशेजारी ठेवला. मुलाने जेवताजेवता वाचला.

"बरं झालं," तो म्हणाला. "मग डोळे नाहीत, लक्ष नसणार. तेही होतं वयानं."

"आणि गाडीचं काही नसणार?"

"आई, गाडीला पाच तारे आहेत. त्यात दिसण्याबद्दलच तर सगळ्यात जास्त कौतुक केलंय. ज्यांचा हा धंदा आहे, त्यांना कळत नसेल आणि आपल्याला कळेल का?"

ताईंनी त्याच्या ताटात वाढायला घेतलेला डाव तसाच पातेल्यात ठेवला आणि आत गेल्या. त्या रात्री त्याने स्वतःच्या हाताने वाढून घेतलं.

रागावणं सोपं होतं. अवघड होतं ते दुसरंच. सुईत दोरा ओवताना आता ताई उगाच थांबत. पेशंटच्या घरी औषधाची बाटली घेताना लेबल दोनदा वाचत. एका जिन्यावर त्यांनी शेवटची पायरी आहे की नाही हे पायाने चाचपून पाहिलं, आणि आपण असं केलं हे लक्षात येताच त्यांना स्वतःचीच चीड आली. त्या दिवशी त्यांनी उजवीकडे पाहिलं होतं. नक्की पाहिलं होतं. पण नक्की म्हणजे किती नक्की, हे त्या स्वतःला विचारू लागल्या होत्या. माणसाला त्याच्याच डोळ्यांबद्दल संशय घ्यायला लावणं हा केवढा अन्याय आहे, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं.

पेशंटची घरं आता त्या पायी करत. लांबची दोन सोडावी लागली. पोस्टमनकाकांचं कोपर मात्र रोज.

"चूक माझीच हो, ताई," काका म्हणत. "माझंच लक्ष नव्हतं."

"काका, खोटं बोलू नका. हात सरळ धरा."

"तुमच्या मनाला लागू नये म्हणून म्हटलं."

"मला दया नकोय. तुम्ही कुठून कुठे चालत होतात, तेवढं नीट सांगा."

काकांनी सांगितलं. फाटकातून निघाले, रस्त्याच्या कडेने सरळ, एका चालीत. उभी हयात टपाल वाटलेला माणूस, त्याची चाल घड्याळासारखी. ताई ऐकत होत्या आणि पट्टी गरजेपेक्षा घट्ट बांधत होत्या.

त्या दुपारी त्यांनी सुनेच्या फोनवर ते परीक्षण पुन्हा उघडून घेतलं. लेखाच्या खाली गाडीमालकांच्या प्रतिक्रिया होत्या. बहुतेक खुशीतल्या होत्या. पण खाली, बरंच खाली, कुणा गाणं शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, ‘मी बुटकी आहे. वळताना समोरच्या काचेच्या बाजूचा खांब आणि बाहेरचा आरसा मिळून भिंत होते. पलीकडचा माणूस दिसत नाही. आणखी कुणाला असं होतं का?’ त्याखाली तिघाचौघांची उत्तरं होती. ‘आधी गाडी चालवायला शिका.’ ‘उशी घेऊन बसा.’ ‘बाई, तुम्ही गाणंच शिकवा.’ उत्तर देणाऱ्यांपैकी एकाने पुढे प्रामाणिकपणे लिहिलं होतं की त्याच्याकडे ही गाडी नाही, पण घ्यायचा विचार आहे.

ताईंनी फोन सुनेला परत दिला. "वर्तमानपत्राच्या कचेरीचा नंबर काढ."

"आई, कशाला त्या लोकांच्या तोंडी लागता?"

"काढ म्हटलं ना."

परीक्षक भला माणूस निघाला, निदान आवाजाने. ताईंनी विचारलं, "तुम्ही लिहिलंय, चालकाला चहूबाजूंचं दिसतं. कुठल्या चालकाला?"

"म्हणजे?"

"तुमची उंची किती?"

तो हसला. "सहा फुटांना जरा कमी. का, स्थळ आहे का एखादं?"

"असतं तरी तुम्हाला दाखवलं नसतं. मी तुमच्या छातीला लागेन. मी सीट पुढे ओढून बसते, तेव्हा तो खांब माझ्या नाकासमोर येतो आणि आरसा डोळ्यांच्या रेषेत. तुम्ही मागे बसता, तुमच्या डोळ्यांना तो खांब काठीएवढा दिसतो आणि आरसा खाली राहतो. हे तुम्ही लिहिलं नाहीत."

"मॅडम, गाड्या काही एकेकाच्या मापाने शिवून देत नाहीत. सर्वसाधारण चालक धरून लिहावं लागतं."

"सर्वसाधारण म्हणजे तुम्ही."

"तसं नाही. पण हजारो लोक वापरताहेत. तक्रार नाही कुणाची."

"तक्रार तुमच्याच लेखाखाली आहे. वाचलीत का?"

"प्रतिक्रिया मी वाचत नाही, खरं सांगतो. मनःस्ताप होतो."

"किती दिवस चालवलीत ही गाडी?"

"तीन दिवस होती माझ्याकडे. तेवढी पुरते, अनुभव असला की."

"माझ्याकडून एक माणूस पडला या गाडीखाली येता येता."

तो खरोखरच काळजीने म्हणाला, "अरेरे. मॅडम, डोळे एकदा तपासून घ्या."

ताईंनी फोन खाली ठेवला. अगदी हळू ठेवला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथूनच मागे फिरली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ताई मुलासमोर उभ्या राहिल्या. "गाडी काढ आणि वळणावर नेऊन उभी कर. जिथे काका पडले तिथे."

"आई, आता ते उकरून काय..."

"चल."

गाडी वळणाच्या तोंडाशी उभी केली. ताई चालकाच्या जागी बसल्या, सीट नेहमीसारखी पुढे ओढली, पूर्ण वर उचलली. मग पिशवीतून जखमेवरची चिकटपट्टी काढली आणि दाराच्या काचेवर, आपल्या डोळ्यांच्या उंचीला, एक तुकडा चिकटवला.

"आता तू बस. सीट हलवायची नाही. डोळे या पट्टीला आले पाहिजेत."

"अगं, माझे पाय मावणार नाहीत."

"माझे मावतात. बस."

मुलगा बसला. गुडघे स्टिअरिंगला टेकले, मान खांद्यांत गेली, घसरत घसरत त्याने डोळे पट्टीशी आणले. एवढा मोठा बाप्या टोपलीत कोंबलेल्या कोंबड्यासारखा दिसत होता. पोस्टमनकाका बांधलेला हात घेऊन फाटकात उभे होते. त्यांना हसू आवरेना.

"काका, हसू नका. त्या दिवशी चाललात तसे चाला."

काका निघाले. रस्त्याच्या कडेने सरळ, एका चालीत. मुलगा काचेतून पाहत होता. काका दिसत होते, त्यांचा सदरा दिसत होता, बांधलेला हात दिसत होता. मग ते खांबाच्या मागे गेले आणि बाहेर आलेच नाहीत. मुलाने वाट पाहिली. काकांच्या चपलांचा आवाज येत होता, काका नव्हते. मग एकदम ते बॉनेटच्या कोपऱ्याशी उभे होते, हात लावता येईल इतके जवळ.

"पुन्हा चाला," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच आला.

काका पुन्हा चालले. तिसऱ्या खेपेला ताई स्वतः चालल्या आणि मध्येच थांबल्या.

"दिसते का?"

"कुठे आहेस?"

"इथेच आहे. तुझ्यासमोर."

मुलगा गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर स्टिअरिंगचे वळ उठले होते. तो दाराला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मग तर ही गाडी तू चालवूच नकोस."

"हे तू किल्ली घेतलीस त्या दिवशीही म्हणाला होतास."

"तेव्हा तुझ्यामुळे म्हणत होतो. आता गाडीमुळे म्हणतोय."

"मला दोन्हीकडून पायीच जायचंय," ताई म्हणाल्या. "दोन वर्षं सांगत होते, मध्ये काहीतरी येतं. तुला छापलेलं खरं वाटलं. डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद आणला, तोही तुला पुरला नाही. अरे, मलाच वाटायला लागलं होतं की मी आंधळी झाले. पायऱ्या चाचपत होते मी. कुणामुळे?"

मुलाने मान खाली घातली. काका हळूच आपल्या फाटकाकडे वळले, पण फाटक उघडलं नाही. ऐकायचं तर होतंच.

"माझं चुकलं, आई."

"चुकलंच. आता गाडी शोरूमला घे. ही देऊन टाकायची आणि दुसरी मी बघणार. तू फक्त चालवत ने."

शोरूममधला विक्रेता तरतरीत होता, टाय लावलेला. त्याने ताईंना पहिल्या गाडीपाशी नेलं आणि सुरुवात केली, "ताई, हिला यंदा पाच तारे..."

"तारे राहू देत. मी बसते. तुम्ही गाडीसमोरून डावीकडून उजवीकडे चाला."

"मी?"

"तुम्हीच. बेताने चाला, पळू नका."

विक्रेता चालला. ताई काचेतून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "गेलात. कमरेपासून वर गेलात. पुढची गाडी दाखवा." पुढच्या गाडीत त्याचा टाय दिसेना. त्याच्या पुढच्या गाडीत तो सगळाच दिसेना. शोरूममधले बाकीचे लोक आपलं काम टाकून बघू लागले होते. विक्रेत्याला घाम फुटला, पण बिचारा चालत राहिला.

कोपऱ्यात एक चौकोनी, उभट गाडी होती. खांब बारीक, आरसा दारावर खाली बसवलेला, काचा मोठ्या. ताई आत बसल्या. विक्रेता चालला. या वेळी तो बुटांपासून केसांपर्यंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसत राहिला.

मुलाचा हात सवयीने फोनकडे गेला होता. "आई, हिला दोनच तारे आहेत. लिहिलंय, जुनाट, अनाकर्षक, पत्र्याच्या ट्रंकेसारखी दिसते."

ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने फोन खिशात घातला.

"आमची गाडी तुम्ही कुणाला विकाल?" ताईंनी विक्रेत्याला विचारलं.

"ती काय, लगेच जाईल हो. पाच तारे आहेत."

"घेणाऱ्याला खांबाचं सांगायचं. बुटकं माणूस असेल तर त्याला आधी बसवून, तुम्ही समोरून चालून दाखवायचं. मी येऊन विचारणार आहे."

विक्रेता हसला. ताई हसल्या नाहीत, तेव्हा त्याने मान डोलावली.

चक्कर मारायला तिघं निघाले. ताई चालवायला, मुलगा शेजारी, विक्रेता मागे. पहिल्या वळणावर ताईंना मान काढावी लागली नाही. दुसऱ्या वळणावर त्यांच्या लक्षात आलं की शेजारी बसलेल्या मुलाचा उजवा पाय खाली दाबला जातोय. तिथे ब्रेक नव्हता, तरी दाबला जात होता. तिसऱ्या वळणावरही तेच झालं.

ताईंनी गाडी कडेला घेतली.

"उतर."

"का?"

"तुझा पाय अजून माझ्यावर विश्वास ठेवत नाही. उतर."

"आई, आपोआप होतं ते."

"आपोआपच तर घालवायचंय. उतर."

मुलगा उतरला. ताईंनी गाडी पुढे घेतली, चौकातून उजवीकडे वळवली आणि त्याच्या समोरून परत आणली. तो रस्त्याच्या कडेला दोन्ही हात खिशात घालून उभा होता. पुरं वळण संपेपर्यंत तो दिसत होता. थोडा ओशाळलेला, थोडा घाबरलेला, एका बुटाची नाडी सुटलेली.

मागून विक्रेता चाचरत म्हणाला, "ताई, ते तुमचे चिरंजीव... त्यांना घ्यायचं ना परत?"

"घेऊ की," ताई म्हणाल्या आणि गियर बदलला. "अजून एक चक्कर मारून."